आपल्या कोनशिलेवरचा शालिवाहन

आपल्या सोसायटीच्या फाटकातून आत आलं की डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीच्या भिंतीत बसवलेली कोनशिला सगळ्यांनी पाहिलेली आहे. वाचलेली मात्र फार थोड्यांनी. वर संस्थेचं नाव, त्याखाली भूमिपूजनाचा उल्लेख, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत शालिवाहन शके १९२२, विक्रमनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा. म्हणजे सन २००० चा गुढीपाडवा. तेव्हा इथे बाभळी, मुरूम आणि पलीकडून येणारा लूमचा खडखडाट, एवढंच होतं. एमआयडीसीत दिवसपाळी-रात्रपाळी करणाऱ्यांनी, टॉवेल-चादरीच्या छोट्या कारखानदारांनी आणि माझ्यासारख्या दोनचार नोकरदारांनी हप्ते भरून ही घरं उभी केली.

रौप्यमहोत्सवासाठी त्या कोनशिलेशेजारी एक नवा फलक लावायचं ठरलं. त्या सभेत सूचना आली, की फलकावर शालिवाहन राजाविषयी चार ओळी असाव्यात. तिथून जे सुरू झालं ते सभेला हजर असलेल्यांना आठवत असेलच. एक तरुण सभासद म्हणाले, ज्याने परकीयांना हाकलून मराठी कालगणना सुरू केली असा हा आपला राजा, असं स्पष्ट लिहा. माझे शेजारी, पॉवरलूमवाले अण्णा म्हणाले, तो तर आंध्रांचा राजा, पुराणात तसं लिहिलंय, २०१७ साली तेलुगूत त्याच्यावर मोठा सिनेमाही येऊन गेला. कन्नड शाळेतल्या बाई म्हणाल्या, त्याची फौज आमच्या बनवासीची होती. आवाज चढले. त्या भरात मीही बोलून गेलो, की पोटापाण्यासाठी सोलापुरात आलेल्यांनी आमच्या राजावर हक्क सांगू नये.

अण्णा काही बोलले नाहीत. खुर्ची मागे सारून निघून गेले. अठरा वर्षं आम्ही दोघं रोज सकाळी साडेपाचला अक्कलकोट रोडपर्यंत फिरायला जात होतो. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

सेक्रेटरींनी त्या चार ओळींचं काम माझ्या गळ्यात टाकलं. बँकेतले साहेब रिटायर आहेत, वाचतात-बिचतात, त्यांना वेळ आहे, हे कारण. ओळी चारच, पण त्यांच्यामागे मला सात महिने लागले. त्या सात महिन्यांचा हा हिशोब.

आधी एक कबुली. शालिवाहनाशी माझी पहिली गाठ कोनशिलेवर पडलेली नाही, काउंटरवर पडली होती. मी पासिंग ऑफिसर असताना एका निवृत्त गुरुजींनी चेक भरला. तारीख होती १५ वैशाख १९२०. मी साल पाहिलं, हसलो, आणि मुदत संपलेला चेक म्हणून परत केला. गुरुजींनी शांतपणे सांगितलं, की भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून शक संवत ही राष्ट्रीय कालगणना मानली आहे आणि त्या तारखेचा चेक घ्या अशी रिझर्व्ह बँकेचीही सूचना आहे. मॅनेजरसाहेबांनी सर्क्युलरची फाइल काढली. गुरुजींचं खरं होतं. १९२० मध्ये ७८ मिळवले की १९९८. चेक ताजा होता, शिळी होती ती माझी माहिती. तरीही तेव्हा हे ७८ कुठून आले, असा प्रश्न मला पडला नाही. तो पंचवीस वर्षांनी सोसायटीच्या भांडणात पडला.

लहानपणी आजीकडून ऐकलेली गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पैठणला गोदावरीकाठी एक निराधार मुलगी राहायची. शेषनागाच्या कृपेने तिला मुलगा झाला. कुंभाराच्या घरी तो वाढला आणि मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करून खेळू लागला. उज्जैनचा विक्रमराजा चालून आला तेव्हा पोराने त्या मातीच्या फौजेवर पाणी शिंपडलं. फौज जिवंत झाली, विक्रमाचा पराभव झाला. मग तह झाला, की नर्मदेच्या उत्तरेला विक्रमाचा संवत आणि दक्षिणेला शालिवाहनाचा शक. म्हणून आपण पाडव्याला गुढी उभारतो.

गोष्ट गोड आहे, पण बँकवाल्याला सवय असते आकडे जुळवून पाहण्याची. विक्रम संवत सुरू होतो इसवी सनापूर्वी ५७ मध्ये. शालिवाहन शक सुरू होतो इसवी सन ७८ मध्ये. मध्ये जातात १३५ वर्षं. संवत सुरू करणाऱ्याला शक सुरू करणाऱ्याने हरवलं म्हणायचं, तर विक्रमराजा लढाईला आला तेव्हा दीडशेच्या घरात असला पाहिजे. खातं इथेच जुळेना. म्हणजे मूळ व्हाउचर शोधणं आलं.

मूळ व्हाउचर नाशिकला आहेत. माझा मुलगा तिकडे नोकरीला आहे, त्यामुळे पांडवलेणीला तीनदा जाऊन आलो. पायऱ्या चढताना गुडघे बोलतात, पण वर गेल्यावर त्यांचा विसर पडतो. तिसऱ्या क्रमांकाच्या आणि दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लेख कोरलेले आहेत. ते मला वाचता येत नाहीत. पण विद्वानांनी केलेली भाषांतरं हाती धरून त्या भिंतीसमोर उभं राहिलं, की कुंभाराचा पोर हळूहळू बाजूला होतो आणि एक हाडामांसाचा राजा दिसू लागतो. त्याचं नाव गौतमीपुत्र सातकर्णी. कूळ सातवाहन. प्राकृतात सातवाहनाचं सालाहण झालं आणि पुढे त्याचंच संस्कृत वळणाचं शालिवाहन. म्हणजे शालिवाहन हे एका माणसाचं नाव नसून कुळाचं नाव आहे, आणि लोकांनी त्या कुळातल्या अनेकांचे पराक्रम एकाच्या खात्यावर जमा केले. त्यात सगळ्यात मोठी रक्कम या गौतमीपुत्राची.

त्याचा जन्म झाला तेव्हा घराण्याचे दिवस पालटले होते. पूर्वजांची राजधानी पैठण, म्हणजे तेव्हाचं प्रतिष्ठान. पण पश्चिमेकडचा सगळा किफायतीचा भाग, नाशिक, जुन्नर, कार्ले आणि कोकणची बंदरं, शकांच्या क्षहरात घराण्यातल्या नहपान नावाच्या क्षत्रपाने घेतला होता. नहपानाचा जावई उषवदात हा या मुलखाचा कारभार पाही. आणि इथे माझी पहिली पंचाईत झाली. मला खलनायक हवा होता. पण लेणं क्रमांक १० मधले उषवदाताचे लेख पाहिले तर हा शक माणूस ब्राह्मणांना गायी देतो, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधतो, नद्यांवर फुकट होड्या ठेवतो आणि बौद्ध भिक्षूंसाठी लेणं खोदवतो. परका होता खरा, पण वागत होता इथलाच होऊन.

त्याच लेण्यात एक लेख आहे, तो कळल्यावर मी तिथल्या दगडावर बसूनच राहिलो. उषवदाताने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, कायम ठेव म्हणून ठेवली. कुठे? विणकरांच्या श्रेणीत. एका श्रेणीत २,०००, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसऱ्या श्रेणीत १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी. मी तिथेच हिशोब केला. २,००० वर महिना १ टक्का म्हणजे २०, वर्षाला २४०. आणि २० गुणिले १२ म्हणजे २४०. एका पैचा फरक नाही! हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून नोंदवलेला. एकोणीसशे वर्षांपूर्वी या देशात विणकर केवळ कापड विणत नव्हते, लोकांच्या ठेवी सांभाळणारी बँकही तेच होते, आणि राजघराणं त्यांच्यावर विश्वास टाकत होतं. मला सोलापूर आठवलं. आणि अण्णा आठवले.

तर अशा घट्ट बसलेल्या राजवटीशी गौतमीपुत्राची गाठ होती. त्याच्या कारकिर्दीची पहिली सतरा वर्षं कशी गेली याचा त्याचा स्वतःचा लेख नाही. पण अठराव्या वर्षी दगड बोलू लागतो. विजयी सैन्याच्या छावणीतून त्याने गोवर्धनच्या, म्हणजे नाशिककडच्या, विष्णुपालित नावाच्या अमात्याला हुकूम पाठवला. कखडी गावचं २०० निवर्तनं शेत, जे आजवर उषवदाताकडे होतं, ते लेण्यातल्या भिक्षूंना द्यावं. एवढाच कागद. पण त्यातल्या आजवर उषवदाताकडे होतं या उल्लेखात एक अख्खं युद्ध आहे. जमिनीचा मालक बदलला, इतक्या कोरड्या भाषेत विजयाची बातमी कळते. त्याच वर्षी त्याने कार्ल्याच्या भिक्षूंनाही गाव दिलं. शत्रूने ज्या लेण्यांना दान दिलं होतं त्याच लेण्यांना याने दान दिलं. शत्रूचं घराणं घालवलं, शत्रूचं पुण्य चालू ठेवलं.

त्या विजयाचा दुसरा पुरावा १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी सापडला. चांदीच्या नाण्यांचा साठा, संख्या १३ हजारांहून जास्त. सगळी नहपानाची नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने नहपानाच्या मुद्रेवरच आपला ठसा मारलेला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैनचं म्हणून ओळखलं जाणारं चिन्ह. नव्या राजाने जुनी नाणी वितळवली नाहीत की रद्दही केली नाहीत. लोकांच्या कनवटीला असलेला पैसा तसाच राहू दिला, फक्त सही बदलली. काही नाण्यांवर ठशाखालून नहपानाचं नाक-डोळे अजून दिसतात. नोटाबंदीच्या दिवसांत मी रिटायर झालेलो असलो तरी रांगा पाहिल्या होत्या. त्यामुळे या राजाच्या अकलेचं मला जरा जास्तच कौतुक वाटलं.

चोविसाव्या वर्षाचा हुकूम मला सगळ्यात आवडतो. सहा वर्षांपूर्वी दिलेल्या त्या कखडीच्या शेताची तक्रार राजापर्यंत पोचली होती. शेत कसलं जात नव्हतं, गावात वस्तीच उरली नव्हती. कागदावर दान, हातात काही नाही. राजाने नवा हुकूम काढला, की त्याऐवजी नगराच्या हद्दीतल्या आमच्या स्वतःच्या जमिनीपैकी १०० निवर्तनं द्यावीत. सरकारी मंजुरी मिळाली पण प्रत्यक्षात काही आलं नाही, हा अनुभव एमआयडीसीत कोणाला नाही? इथे राजा आपली चूक कबूल करून दगडावर दुरुस्ती कोरतो. पराक्रमी राजे पुष्कळ झाले असतील, दिलेल्या जमिनीत नांगर चालतो की नाही हे विचारणारे थोडे.

हा हुकूम राजाच्या एकट्याच्या नावाने नाही. त्यात राजमाताही आहे, आणि तिचा उल्लेख आहे जिचा पुत्र हयात आहे अशी राजमाता म्हणून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हे पुढे सोडून दिलं. पुढचा लेख कळल्यावर परत मागे आलो.

पुढचा लेख त्याच तिसऱ्या लेण्यात आहे. काळ गौतमीपुत्राच्या मुलाचा, वासिष्ठीपुत्र पुलुमावीचा, वर्ष एकोणिसावं. लेख राजमाता गौतमी बलश्रीचा. तोवर मुलगा गेलेला होता. ती आता महाराजाची आई आणि महाराजाची आजी होती. तिने भिक्षूंसाठी हे लेणं दान केलं आणि त्या दगडावर मुलाचं वर्णन कोरवलं. शालिवाहनाचं खरं चरित्र म्हणून आपल्याकडे जे काही आहे ते मुख्यतः एवढंच, म्हातारपणी एका आईने सांगितलेलं. त्यात तो शक, यवन आणि पह्लवांचा संहार करणारा आहे, क्षहरातांचा वंश निर्मूळ करणारा आहे, सातवाहन कुळाचं यश परत मिळवणारा आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालेलं आहे. त्याची सत्ता असलेल्या प्रदेशांची यादी आहे, पैठणचा मूलक, शेजारचा अश्मक, विदर्भ, अपरांत म्हणजे कोकण, सौराष्ट्र, अवंती. पण त्याबरोबर असंही आहे, की तो कर धर्माला धरूनच घेई, प्रजेच्या सुखदुःखात सुखदुःख मानी, अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला त्याला आवडत नसे, आणि आईच्या शब्दाबाहेर तो नव्हता. त्याचा चेहरा कसा होता, चाल कशी होती, हात कसे होते, हेही तिने सांगून ठेवलं आहे.

माझ्या एका मोठ्या भावाला आम्ही तरुणपणी गमावलं. आई त्यानंतर तीस वर्षं जगली. तो कसा चालायचा हे ती नातवंडांना सांगायची, आणि दर वेळी तो थोडा उंच व्हायचा. म्हणून बलश्रीचा लेख मी पुरावा म्हणून वाचताना थोडी कसर धरून वाचतो. वंश निर्मूळ केला हे आईचं म्हणणं. प्रत्यक्षात एक घराणं गेलं, पण लवकरच चष्टन आणि त्याचा नातू रुद्रदामन यांचं दुसरं क्षत्रप घराणं उभं राहिलं. रुद्रदामनाने जुनागढच्या लेखात सांगितलं आहे, की दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून त्याला संपवलं नाही. नातं कसलं, ते कान्हेरीच्या एका पाण्याच्या टाक्यावरच्या लेखातून कळतं. गौतमीपुत्राच्या पुढच्या पिढीतल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी एका महाक्षत्रपाची मुलगी होती. तो महाक्षत्रप रुद्रदामनच, असं अभ्यासक मानतात. चार वर्णांची सरमिसळ थांबवली म्हणून ज्याची आईने स्तुती केली, त्याच्याच घरात शकांची लेक सून होऊन आली. एका पिढीत वैरी, दुसऱ्या पिढीत व्याही. इतिहासाला हे नवीन नाही, आपल्या सोसायटीलाही नाही.

आता मूळ प्रश्न, ते ७८. गौतमीपुत्राने कालगणना सुरू केली का? त्याचे स्वतःचे हुकूम हाच याचा पुरावा. त्यांवर वर्ष आहे १८ आणि २४, म्हणजे त्याच्या राज्याचं अठरावं आणि चोविसावं. मुलगा गादीवर आला तर पुन्हा एकपासून मोजणी. ज्याने शक सुरू केला त्याच्या मुलाने तो चालवला नसता का? याउलट चष्टन-रुद्रदामनाचा कच्छमधल्या अंधौ गावचा लेख ५२ व्या वर्षाचा आहे. ५२ मध्ये ७८ मिळवले तर १३० साल येतं, आणि ते बरोबर बसतं. पुढे क्षत्रपांनी आपल्या नाण्यांवर हीच वर्षं पिढ्यान्‌पिढ्या छापली, मोजणी तोडली नाही. म्हणजे ही वही शकांची. म्हणूनच तिचं नाव शक. चालुक्य पुलकेशीचा बदामीचा लेख शकवर्ष ४६५ चा आहे, त्यातही शालिवाहन नाही. शकाला शालिवाहनाचं नाव लागलेलं दिसतं ते साधारण तेराव्या शतकापासून. हजारभर वर्षं उलटल्यावर लोकांना आठवत होतं एवढंच, की शक नावाचे कोणी होते आणि आपल्या राजाने त्यांना हरवलं. मग शक म्हणजे शकांना हरवल्याचं वर्ष, असा अर्थ लागला. ज्यांना हरवलं त्यांचीच कालगणना जिंकणाऱ्याच्या नावावर चढली. नहपानाच्या नाण्यावर मारलेल्या ठशासारखं झालं. वरचा ठसा आपला, खालचं नाणं त्यांचं.

हे जुळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. सत्तर वर्षं पाडव्याला संकल्पात जे नाव ऐकलं, जे आपल्या सोलापुरातूनच निघणाऱ्या दाते पंचांगाच्या मुखपृष्ठावर पाहिलं, त्यातला राजा ती कालगणना सुरू करणारा नाही, हे पचायला वेळ लागला. मग लक्षात आलं, की गेलं काय आणि आलं काय ते नीट मांडून बघावं. गेला तो मातीचे शिपाई जिवंत करणारा पोर. आला तो निदान चोवीस वर्षं राज्य केलेला, हरवलेला मुलूख परत मिळवणारा, शत्रूच्या दानधर्माला हात न लावणारा, पडीक शेताची दुरुस्ती करणारा राजा. सौदा तोट्याचा नाही.

राहिला प्रश्न तो कोणाचा. मराठी माणसाला सांगायला पुष्कळ आहे. पैठण आपलं, नाशिक-कार्ले आपलं, आणि त्यांची प्राकृत ही आपल्या मराठीची पूर्वज. पण पुराणांत या घराण्याला आंध्र म्हटलं आहे, आणि पुलुमावीचा लेख कृष्णाकाठी अमरावतीलाही आहे. अण्णांचं चूक नव्हतं. गौतमीपुत्राच्या हुकुमात जी विजयी सेना आहे ती वैजयंतीची, आणि वैजयंती म्हणजे बनवासी असं पुष्कळ अभ्यासक मानतात. बाईंचंही चूक नव्हतं. आपल्या याच अक्कलकोट रोडने पुढे कलबुर्गीकडे गेलं की भीमेच्या काठी सन्नती आहे. तिथे कनगनहळ्ळीच्या उत्खननात सातवाहन राजांची नावानिशी कोरलेली शिल्पं निघाली. पंढरपुरावरून सोलापूर जिल्ह्यातून वाहणारी भीमाच ती. इकडे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, तेव्हाचं तगर. एका ग्रीक भाषेतल्या जुन्या व्यापारी नोंदीप्रमाणे तिथून कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आहेत, सोलापूरहून सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं, मुलांना जरूर न्या. आणि गौतमीपुत्राच्या पुढच्या पिढीची चांदीची नाणी पाहा. एका बाजूला प्राकृत, दुसऱ्या बाजूला दक्षिणेची भाषा. ती तमिळ म्हणायची की तेलुगू, यावर विद्वान अजून भांडतात. राजाने मात्र एकाच नाण्यावर दोन्ही बसवल्या होत्या.

हे सगळं वहीत लिहून एका सकाळी साडेपाचला मी अण्णांचं दार वाजवलं. आधी माफी मागितली. मी बार्शीकडचा, बदलीने सोलापुरात आलेला. त्यांचे पणजोबा तेलंगणातून हातमाग घेऊन आले ते जुन्या मिलच्या काळात. पोटापाण्यासाठी आलेला खरा मी होतो, हे मी बोलण्याआधी मोजायला हवं होतं. मग त्यांना विणकरांच्या ठेवीचा हिशोब दाखवला. २,००० वर महिना एक टक्का. अण्णांनी चष्मा लावला, बोटांवर गुणाकार केला आणि विचारलं, की त्या श्रेणीने व्याज वेळेवर दिलं का? बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला यापेक्षा योग्य प्रश्न कोणी विचारला नसेल. मी म्हटलं, लेखात तेवढं नाही. ते म्हणाले, दिलंच असणार, विणकर आहेत. मग चप्पल घातली आणि आम्ही फिरायला निघालो.

फलकाच्या त्या चार ओळींचं काय झालं, हे सभासदांना कळायला हवं. मी समितीला सांगितलं, की शालिवाहनाने कालगणना सुरू केली असं लिहू नये, कारण ते खरं नाही. आणि तो अमक्यांचा राजा असंही लिहू नये, कारण ते पुरतं खरं नाही. जुन्या कोनशिलेला हात लावू नये. ते नाव परंपरेने आलेलं आहे, आणि परंपरेला आपल्या जागी मान आहेच. विक्रमनाम संवत्सर हे साठ संवत्सरांपैकी एक, त्याचा उज्जैनच्या विक्रमाशी संबंध नाही. तरी गोष्टीतले दोघे वैरी एका दगडावर शेजारी बसले आहेत, ते तसेच बसू द्यावेत. नव्या फलकावर फक्त भूमिपूजन शके १९२२, रौप्यमहोत्सव शके १९४७, आणि तेच मराठी, तेलुगू आणि कन्नड लिपीत. ठराव बहुमताने मंजूर झाला. ते तरुण सभासद विरोधात होते आणि अजून आहेत. त्यांना मी माझी वही वाचायला दिली आहे. अजून परत आलेली नाही, म्हणजे वाचत असावेत.

फाटकातून येताजाता आता क्षणभर थांबून त्या दोन्ही दगडांकडे पाहा. आकड्यात ७८ मिळवायला विसरू नका. सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.